वाड्याची वीट पुन्हा चुन्यात : प्रकल्प नोंदी, वाई

१२ नोव्हेंबर २०२४

वाईतला एक जुना दुमजली वाडा उतरवायला घेतला आहे. विटा आणि मलबा आमच्या प्रयोगांसाठी द्यायला मालक तयार झाले. ठेकेदाराला सागवान, दारं-खिडक्या आणि घडीव दगड हवे आहेत. पाडकामाचा खर्च त्यातूनच निघतो. विटांना मात्र भाव नाही. त्या जेसीबीच्या बकेटमध्ये मातीबरोबर भरल्या जातात आणि कुठल्या तरी ओढ्याच्या काठी राडारोडा म्हणून पडतात. आमचा विषय तेवढाच आहे: वाड्यातून निघणारी वीट आणि चुना पुन्हा भिंतीत कसा आणायचा, आणि तसं केल्याने नवा माल खरोखर किती वाचतो.

वाड्याचं जोतं काळ्या दगडाचं. खालच्या मजल्याच्या भिंती पक्क्या विटांच्या, चुन्यात बांधलेल्या. वर लाकडी सांगाडा आणि त्यात मातीत रचलेल्या विटा. मागे न्हाणीघर आणि संडास, ते पुढच्या काळात सिमेंटमध्ये बांधलेले. एकाच घरात माती, चुना आणि सिमेंट असे तिन्ही गारे (विटा जोडणारी मिश्रणं) मिळाले, त्यामुळे तुलना करायला यापेक्षा चांगली जागा मिळाली नसती.

१९ नोव्हेंबर

खालच्या मजल्यावरची आतली भिंत हाताने उतरवली. चुन्यातली वीट सुटी करायला हलका ठोका पुरतो. सांधा विटेपेक्षा मऊ आहे, त्यामुळे तुटतो तो सांधा. थापीच्या धारेने खरवडलं की चपटी, पातळ वीट सहाही बाजूंनी स्वच्छ हातात येते. वरच्या मजल्यावर मातीतल्या विटा तर नुसत्या उचलूनच घेतल्या. ती पांढरी माती चाळून वेगळी भरून ठेवली आहे.

दुपारी न्हाणीघराच्या भिंतीला हात घातला. तिथे सगळं उलट. सांधा विटेपेक्षा कठीण, म्हणून छिन्नी मारली की वीटच फुटते आणि सांधा जिथल्या तिथे राहतो. अख्खी वीट क्वचितच मिळाली.

या सगळ्या प्रकल्पात मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. चुन्याचा गारा कमी ताकदीचा, असं पुस्तकापासून ठेकेदारापर्यंत सगळे सांगतात. पण त्या मऊपणामुळेच इतक्या वर्षांनी वीट परत मिळते आहे. दुमजली घराच्या भिंतीत सांध्यावर जेवढा भार येतो तेवढा चुना सहज पेलतो. गावातले उभे वाडे त्याची साक्ष देतात. गरजेपेक्षा कठीण सांधा घालून आपण विटेचं दुसरं आयुष्य बांधतानाच संपवतो.

२४ नोव्हेंबर

विटांची निवड. अख्ख्या एका बाजूला, तुकडे दुसऱ्या. अख्ख्या विटा दळायच्या नाहीत, त्या पुन्हा बांधकामातच जातील. सुरखी, म्हणजे चुन्यात मिसळायची विटेची पूड, फक्त तुकड्यांची.

तुकड्यांतही दोन गट वेगळे काढावे लागले. एक झामा: भट्टीत जास्त भाजून काळपट, काचेसारखी झालेली वीट. ती इमारतीच्या पायात आणि कोब्यात (चुना आणि विटेच्या तुकड्यांचा चोपलेला थर) चालते, सुरखीला नाही. दुसरा गट लोणा लागलेल्या विटांचा. गोठ्याची भिंत आणि न्हाणीघराला लागून असलेले खालचे थर यांच्यात क्षार भरले आहेत. वाळल्यावर वर पांढरा बुरा येतो. अशी वीट नव्या भिंतीत गेली तर लोणाही बरोबर जाणार. दळण्याआधी प्रत्येक ढिगातला नमुना ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवून सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकून बघतो. पांढरा साका आला तर क्लोराइड आहे, तो ढीग बाजूला.

माळ्यावरच्या छताला अलीकडे पीओपी केलेलं होतं. त्याचा एक तुकडाही या ढिगात येऊ द्यायचा नाही, हे सगळ्यांना बजावलं. पीओपी म्हणजे जिप्सम. त्यातलं सल्फेट, चुना आणि विटेतलं ॲल्युमिना ओलाव्यात एकत्र आलं की फुगणारे स्फटिक तयार होतात आणि गिलावा आतून उकलतो.

८ डिसेंबर

जुन्या गाऱ्याची तपासणी. सांध्याच्या आतल्या भागातले खडे घेतले, कारण बाहेरच्या पृष्ठभागावर नंतरच्या रंगांचे थर आहेत. खलात दाबून मोकळे केले, वजन केलं, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकले. चुना फसफसून विरघळतो. वाळू आणि विटेची भरड खाली उरते. ती गाळून, वाळवून, चाळण्यांवर घातली. ही पद्धत जिथे वाळूतच शंख-शिंपल्यांचे किंवा चुनखडीचे कण असतात तिथे फसवी ठरते, म्हणून कोकणपट्टीत ती जपून वापरावी. कृष्णेची वाळू बसाल्टची असल्याने इथे ती अडचण नाही.

उरलेल्या गाळात काळी वाळू, लाल विटेचे कण आणि कोळशाचे बारीक तुकडे. कोळसा बहुधा भट्टीतून चुन्याबरोबर आलेला. विटेच्या कणांत पिठासारखी बारीक पूडही आहे आणि डाळीएवढे तुकडेही आहेत, म्हणजे पूड चुन्याशी प्रक्रिया होण्यासाठी आणि भरड वाळूच्या जागी, असा दुहेरी उपयोग केलेला दिसतो.

आम्लात टाकण्याआधी भिंगाखाली आणखी एक गोष्ट पाहिली: गाऱ्यात जागोजागी चुन्याच्या पांढऱ्या गाठी आहेत. २०२३ च्या जानेवारीत एमआयटीच्या आद्मिर मासिच यांच्या गटाने रोमन काँक्रीटमधल्या अशाच गाठींवर अभ्यास प्रसिद्ध केला. कळीचा चुना (भट्टीतून निघालेला, पाणी न लागलेला) थेट मिश्रणात घालून तिथेच पाण्याने विरवला असावा आणि पुढे तडा गेल्यावर पाणी शिरून या गाठींतलाच चुना विरघळून तडा भरत असावा, असं त्यांचं म्हणणं आहे. इथल्या गाठी त्याच कारणाने आहेत असं म्हणायची मला घाई नाही. चुना कोरडा विरवून नीट न मळल्यानेही गाठी राहतात. पण एका सांध्यात केसाएवढी चीर पांढऱ्या चुन्याने भरून आलेली स्पष्ट दिसली, ती फोटोसह नोंदवून ठेवली आहे.

२१ डिसेंबर

चुना आला. महाराष्ट्राचा बराचसा भाग दख्खनच्या बसाल्टवर बसलेला असल्याने आमच्या भागात चुनखडीचा दगड नाही. तो थेट विदर्भात, यवतमाळ-चंद्रपूरकडे सापडतो. मग इथल्या जुन्या लोकांनी चुना कशाचा केला? देशावर काळ्या मातीतल्या कंकराचा (चुन्याच्या खड्यांचा), किनाऱ्यावर शिंपल्यांचा. कंकरात माती मिसळलेली असते, त्यामुळे त्याचा चुना थोडाफार पाण्यातही घट्ट होतो. भारतीय मानक आयएस ७१२ मध्ये बांधकामाच्या चुन्याचे ए ते एफ असे वर्ग आहेत, त्यात कंकर-चुन्याला ‘ई’ हा स्वतंत्र वर्ग दिला आहे. आम्ही सध्या घेतलेला चुना ‘सी’ वर्गातला, म्हणजे शुद्ध आणि फक्त हवेवर घट्ट होणारा.

रंगाच्या दुकानातल्या पिशवीचीही चाचणी केली. आम्लाचा थेंब टाकताच ती पूड जोरात फसफसली, म्हणजे पडून पडून तिचा बराच भाग परत चुनखडी झालेला आहे. सफेदीला ती चालत असेल, गाऱ्याला नाही. कळीचा चुना खडे स्वरूपात घ्यावा आणि आपण विरवावा हेच खरं.

हौदात आधी पाणी, मग खडे. याउलट क्रम कधीही करू नये. काही मिनिटांत पाणी उकळू लागतं, शिंतोडे डोळ्यात गेले तर बुबुळ जाऊ शकतं. चष्मा, हातमोजे आणि शेजारी स्वच्छ पाण्याची बादली असल्याशिवाय कुणीही हौदाजवळ जायचं नाही. विरलेला चुना जाळीतून गाळून दुसऱ्या हौदात सोडला. वर चार बोटं पाणी राहील असं बघायचं आणि मुरू द्यायचा. उशिरा विरणारे कण आधीच बाहेर निघाले पाहिजेत. ते गिलाव्यात गेले तर महिन्यांनी फुलतात आणि भिंतीवर टिकल्याएवढे खड्डे पाडतात.

१४ जानेवारी २०२५

सुरखी दळायला घेतली. तुकडे आधी घणाने, मग पल्व्हरायझरमध्ये, मग चाळणी. विटेची धूळ फुप्फुसात जाते आणि सिलिकोसिस बरा होत नाही, म्हणून तुकडे भिजवून फोडायचे आणि दळताना चांगले मास्क लावायचे असा नियम केला. भिजलेला माल मिलमध्ये अडकतो, तेव्हा दळण्याआधी वाळवणं आलंच. वेळ जातो, जाऊ दे.

सुरखी चांगली की वाईट हे मुख्यतः वीट किती भाजली यावर ठरतं. माती साधारण ५०० ते ८०० अंश सेल्सिअसला भाजली की तिच्या स्फटिकांतलं पाणी निघून जातं आणि रचना मोडते; मग ती चुन्याशी प्रक्रिया करायला तयार असते. त्याच्या पुढे बरंच भाजलं तर नवे, स्थिर स्फटिक आणि काच बनते आणि ती तयारी जाते. म्हणून वीटभट्टीवाला ज्या फिक्या, कच्चट विटा बाजूला टाकतो त्याच सुरखीला उत्तम. वाड्याच्या विटा लाकडाच्या, कमी आचेच्या भट्टीतल्या असाव्यात; नखाने नाही, पण खिळ्याने सहज ओरखडा उठतो.

याच रसायनावर आज मोठं काम चालू आहे. एलसी३ नावाच्या सिमेंटमध्ये क्लिंकर (भट्टीत भाजून केलेला सिमेंटचा मूळ घटक) निम्म्यावर आणून उरलेल्या जागी मुख्यतः भाजलेली माती आणि कच्च्या चुनखडीची पूड घालतात. स्वित्झर्लंडमधल्या ईपीएफएल संस्थेबरोबर दिल्ली, मद्रास आणि मुंबईच्या आयआयटींनी त्यावर संशोधन केलं आहे. आपल्याकडे तर सुरखी शतकानुशतकं होती. केरळ-तमिळनाडूच्या वादातलं मुल्लापेरियार धरण १८९५ साली चुना-सुरखीतच बांधून पूर्ण झालं.

२६ जानेवारी

पाण्यातल्या गोळ्यांची चाचणी. चुना आणि सुरखी कालवून लिंबाएवढे गोळे केले, थोडे आवळू दिले आणि पाण्याच्या बरण्यांत सोडले. शेजारी नुसत्या चुन्याचा गोळा, झाम्याच्या पुडीचा गोळा आणि नव्या भट्टीच्या विटेच्या पुडीचा गोळा.

नुसता चुना पाण्यात पसरला. झाम्याचा गोळा आकार धरून आहे, पण बोटाने दाबला की खचतो. वाड्याच्या विटेचा गोळा आठवड्यात इतका घट्ट झाला की बोटाची खूण उमटत नाही. नव्या विटेचा मधे कुठेतरी. ही चाचणी कुठल्याही गवंड्याला, कुठल्याही गावात, बरणी आणि पाणी एवढ्यावर करता येते. प्रयोगशाळेचा अहवाल यायच्या आधी माल घ्यायचा की नाही हे तिच्यावर ठरवता येईल.

९ फेब्रुवारी

मिश्रणं ठरली. ५० मिलिमीटरचे घन साच्यात भरले. मुख्य तीन मिश्रणं मापाने अशी: पहिलं, चुना १, वाळू ३; दुसरं, चुना १, सुरखी १, वाळू २; आणि तिसरं, चुना १, सुरखी १, जुन्या गाऱ्याची चाळलेली भरड २. तिसऱ्यावर माझी सर्वांत जास्त आशा आहे, कारण त्यात चुन्याशिवाय नवं काहीच नाही.

पूर्वी गारा घाणीत मळत. लोहगडावर गेलेल्यांनी दगडी चर आणि त्यात फिरणारं जड चाक पाहिलं असेल. त्या चाकाखाली गारा नुसता मिसळत नाही, दाबला आणि रगडला जातो; सुरखीच्या कणाकणावर चुना बसतो. आम्हाला एक बंद पडलेली घाणी दुरुस्त करून मिळाली, बैलाऐवजी मोटर. काँक्रीट मिक्सरमधला गारा आणि घाणीतला गारा शेजारी ठेवले तर फरक हाताला कळतो. घाणीतला लोण्यासारखा, आणि त्याला पाणीही कमी लागलं.

आमच्याबरोबर काम करणारे गवंडीकाका चुन्यात काम केलेल्या शेवटच्या काही माणसांपैकी आहेत. त्यांनी थापीवर गारा घेतला, थापी तिरकी केली आणि म्हणाले, “ताई, अजून एक फेरी होऊ द्या. सरकला पाहिजे पण गळता कामा नये.” गारा किती पसरतो ते मोजणाऱ्या प्रवाहमापक टेबलावरचे आकडे मी लिहून घेतले आहेत, पण काकांचं हे मोजमापही त्याच रकान्याशेजारी लिहिलं आहे. दोन्हीचा मेळ बसतो आहे.

गूळ आणि हिरड्याचं पाणी घातलेला एक वेगळा संच भरला. साखरेमुळे चुना पाण्यात जास्त विरघळतो, त्यामुळे कमी पाण्यात गारा मऊ होतो. काका बेलफळाचा गरही सांगतात. तो हंगाम आल्यावर बघू. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

२ मार्च

दोन टाकाऊ गोष्टी तपासल्या, थोडक्यात लिहिते.

साखर कारखान्याच्या बॉयलरची बगॅस राख: उसाच्या चिपाडात सिलिका भरपूर असते, म्हणून कागदावर ती सुरखीची जोडीदार आहे. प्रत्यक्षात आलेली राख काळी, अर्धवट जळलेल्या धाग्यांनी भरलेली. ते धागे पाणी पितात. चाळून, पुन्हा भाजून, दळून घेतली तेव्हा पाण्यातल्या गोळ्याच्या चाचणीत पास झाली, पण एवढा खटाटोप करायचा तर वाड्याची वीट हाताशी असताना ती कशाला? जिथे जुन्या विटा नाहीत आणि कारखाना आहे तिथे तिचा विचार जरूर व्हावा.

कार्बाइडचा चुना: कॅल्शियम कार्बाइडपासून ॲसिटिलीन गॅस करताना विरलेला चुना गाळ म्हणून उरतो. राखाडी रंग, लसणासारखा उग्र वास. चुना म्हणून उत्तम प्रक्रिया करतो. घराच्या आत याचा गिलावा मी करणार नाही. उघड्यावरच्या कोब्याच्या तळथराला हरकत दिसत नाही.

न्हाणीघराच्या काँक्रीटचा ढीगही आहे. आयएस ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीनुसार काँक्रीटपासून केलेली पुनर्वापराची खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, एम २५ या ताकदीच्या श्रेणीपर्यंतच्या सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत आणि एम १५ च्या खालच्या काँक्रीटमध्ये पूर्ण १०० टक्के चालते. आमचा ढीग पायाखालच्या काँक्रीटमध्ये जाईल.

१३ एप्रिल

कार्बनचा हिशेब मांडला. हा हिशेब स्वच्छ असला पाहिजे, कारण चुना म्हणजे ‘कार्बनमुक्त’ असं म्हणून माल विकणारे लोक वाढले आहेत आणि त्याने चुन्याचंच नुकसान होणार आहे.

शुद्ध चुनखडी १०० किलो, सुमारे ९०० अंशांवर भाजली, की ५६ किलो कळीचा चुना मिळतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो. म्हणजे १ किलो चुन्यामागे ७८६ ग्रॅम, नुसत्या दगडातून. इंधनाचा धूर वेगळा. हा आकडा सिमेंटच्या तुलनेत अजिबात लहान नाही. गारा भिंतीत हवेतून कार्बन डायऑक्साइड परत घेतो हे खरं, पण तो दगडातून निघालेला वाटा. इंधनाचा परत येत नाही, आणि चुन्याचा जो भाग सुरखीतल्या सिलिकाशी बांधला जातो तोही लगेच परत घेत नाही. त्यात आमचा चुना दूरवरून ट्रकने येतो.

मग फायदा कुठे आहे? तीन ठिकाणी. सुरखीमुळे चुना कमी लागतो आणि त्या विटेचं इंधन कधीच जळून गेलेलं आहे. जुन्या गाऱ्याची भरड वापरल्याने नदीची वाळू लागत नाही. आणि सर्वांत मोठा फायदा अख्ख्या विटेचा: जी वीट पुन्हा भाजावी लागत नाही तिच्याइतकी स्वस्त आणि स्वच्छ वस्तू बांधकामात नाही. हा तिसरा फायदा कुठल्याच तक्त्यात नीट दिसत नाही, कारण तो या इमारतीच्या नावावर पडत नाही. तो पन्नास-शंभर वर्षांनी कुणाच्या तरी नावावर पडेल. तरी मी त्याचा वेगळा रकाना केला आहे.

याच महिन्यात केंद्राने बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्याचे नवे नियम अधिसूचित केले. ते १ एप्रिल २०२६ पासून लागू होतील. २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्रकल्पांवर कचऱ्याची जबाबदारी टाकली आहे. २०१६ च्या नियमांतही मोठा उत्पादक म्हणजे दिवसाला २० टन किंवा महिन्याला एका प्रकल्पातून ३०० टन अशी व्याख्या होती. मोठ्यांना बांधून घेतलं ते योग्यच. पण वाईचा, सातारचा, पैठणचा वाडा या मापात कधीच बसणार नाही. एकेक वाडा छोटा, पण गावोगावचे मिळून डोंगर होतो, आणि त्यात अशी वीट आहे जी आज कुठल्याही भट्टीत तयार होत नाही. नगरपालिकेने पाडकामाची परवानगी देताना ‘चुन्यातल्या भिंती हाताने उतरवाव्यात, विटा वेगळ्या रचाव्यात’ एवढी एक ओळ घातली तरी पुष्कळ होईल. तसा मसुदा लिहायला घेतला आहे.

४ मे

नमुन्याची भिंत उभी राहिली: वाड्याच्या अख्ख्या विटा, तिसऱ्या मिश्रणाचा गारा. विटा आदल्या रात्री भिजत घातल्या होत्या. कोरडी वीट गाऱ्यातलं पाणी ओढून घेते आणि सांधा भुसभुशीत होतो. एका बाजूला दोन थरांचा गिलावा, खालचा भरड, वरचा बारीक. खालच्या थरात तागाचे बारीक तुकडे घातले.

तागाबद्दल थोडं. वेरूळच्या लेण्यांतल्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तुकडे सापडल्याचा अभ्यास पुरातत्त्व खात्याचे राजदेव सिंह आणि औरंगाबादच्या विद्यापीठातले एम. एम. सरदेसाई यांनी २०१६ साली प्रसिद्ध केला. दीड हजार वर्षांच्या आसपास टिकलेला तो गिलावा आहे, आणि किडींपासूनच्या बचावाचं श्रेय ते या वनस्पतीला देतात. आम्हाला ताग सहज मिळतो, म्हणून ताग. काम धाग्याचं आहे: सुकताना गिलावा आकसतो तेव्हा एक मोठी भेग पडण्याऐवजी ताण वाटला जातो.

भिंतीवर ओलं गोणपाट. सुरखीची प्रक्रिया पाण्यातच होते, त्यामुळे पहिले दोन-तीन आठवडे ओल टिकलीच पाहिजे; नंतर हवा.

२७ मे

पाऊस फार लवकर आला. काल मोसमी पाऊस मुंबईत पोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. एरवी तारीख ११ जूनच्या आसपास असते. इथे तर आठवडाभर झड लागली आहे. गोणपाट काढून भिंत हवेवर सोडायची वेळ नेमकी हीच होती. वर पत्रा आणि पश्चिमेला ताडपत्री बांधली, पण ताडपत्री भिंतीपासून हातभर लांब, म्हणजे वारा खेळता राहील.

चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो तो छिद्रांतून. छिद्रं पाण्याने भरली की वायूची वाट जवळपास बंद होते, कारण पाण्यातून तो हवेपेक्षा हजारो पटींनी सावकाश जातो. अगदी कोरड्या भिंतीतही प्रक्रिया थांबते, थोडी ओल हवी. म्हणून सह्याद्रीच्या पायथ्याशी चुन्याचं काम दिवाळी ते होळी या काळात करायचं, असं काका सांगतात. मे महिन्यातला नमुना आमच्या पथ्यावरच पडला असं मी म्हणेन: सर्वांत वाईट हवेत काय होतं तेही कळेल.

१२ जुलै

काल युनेस्कोने ‘भारतातील मराठा लष्करी भूदृश्ये’ जागतिक वारशाच्या यादीत घेतली: महाराष्ट्रातले ११ किल्ले आणि तमिळनाडूतला जिंजी. मन भरून आलं. आता या तटांची दुरुस्ती जगाच्या नजरेसमोर होईल, आणि तिथे चुना लागेल, चुना मळणारे हात लागतील. जुन्या दगडी तटाच्या दरजा सिमेंटने भरल्या की आतली ओल दरजेतून बाहेर पडू शकत नाही. ती दगडातून वाट काढते आणि शेजारचा मऊ दगड किंवा जुना चुना खाते. काकांच्या वयाची माणसं आहेत तोवर तरुण गवंडी त्यांच्या हाताखाली बसवले पाहिजेत. आमच्या अनुदानातून दोन मुलांची रोजी देता येते; ती आजपासून सुरू केली. त्यातला एक मुलगा टाइल्सचं काम सोडून आला आहे आणि त्याचा हात फार चांगला आहे.

भिंत: पश्चिमेकडच्या गिलाव्यावर हिरवट शेवाळ, पण पोपडा कुठेही नाही. पावसाचा थेट मारा झालेल्या एका कोपऱ्यात वरचा बारीक थर धुपला आहे. नुसत्या चुना-वाळूच्या तुलनेच्या पट्टीवर मात्र बोट फिरवलं तर वाळू सुटते.

१७ ऑगस्ट

घन फोडून फेनॉल्फ्थॅलिनचा फवारा मारला. जिथे चुना अजून ताजा आहे तिथे गर्द गुलाबी रंग येतो, जिथे तो परत चुनखडी झाला तिथे रंग येत नाही. नुसत्या चुना-वाळूच्या घनात बाहेरची पातळ कड बिनरंगी, आत सगळं गुलाबी, आणि तो गुलाबी भाग अजून नखाने कोरता येतो. सुरखीच्या दोन्ही मिश्रणांत गाभा गुलाबी असूनही कठीण आहे. म्हणजे तिथली ताकद हवेची वाट न पाहता सुरखीकडून आली. पावसाळी प्रदेशासाठी हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. जाड भिंतीच्या पोटात हवा पोचायला वर्षं लागतात. तोवर भार पेलायचा तर सुरखी हवीच.

दाबयंत्रावर नदीच्या वाळूचं आणि जुन्या भरडीचं मिश्रण एकमेकांच्या इतकं जवळ आलं की त्यांच्यात निवड करायची गरज उरत नाही. भरडीचे कण खडबडीत आणि सच्छिद्र आहेत, त्यांच्यावरचा जुना चुना नव्या चुन्याला धरतो. पाणी थोडं जास्त पितात, तेवढं सांभाळायचं. झाम्याची सुरखी अपेक्षेप्रमाणे मागे. गूळ-हिरड्याच्या संचाचा पृष्ठभाग सर्वांत घट्ट आणि पाणी सर्वांत कमी शोषणारा. गच्चीच्या कोब्यासाठी तोच घेणार.

यानंतर भिंतीचा एक कोपरा मुद्दाम उतरवला. माझ्या दृष्टीने ही सगळ्यांत महत्त्वाची चाचणी. हलक्या ठोक्याने विटा सुट्या झाल्या, अख्ख्या. थोडी खरवड, आणि पुन्हा रचायला तयार.

५ ऑक्टोबर

पुढचं काम ठरलं. शेजारच्या आळीतल्या एका वाड्याची मागची भिंत पावसात फुगली आहे. मालक सगळा वाडा पाडून नवं बांधायच्या विचारात होते. नमुन्याची भिंत दाखवली, कोपरा त्यांच्याच हाताने सोडवायला लावला. आता फक्त ती भिंत उतरवून, त्याच विटांनी पुन्हा बांधायची आहे. खर्चाचं पत्रक दोन्ही पद्धतींनी करून दिलं: मजुरी चुन्यात जास्त, माल खूपच कमी. मजुरीचा पैसा गावातच राहतो हे मालकांच्या मुलानेच हिशेब बघून म्हटलं.

गारा: चुना १, सुरखी १, जुनी भरड २, घाणीत मळून. दर्शनी दरजांना बारीक चाळलेली भरड. जोत्याजवळचे लोणा लागलेले थर बदलायचे, तिथे पहिल्या वाड्याच्या साठ्यातल्या धुतलेल्या विटा. गच्चीवर कोबा: विटेचे तुकडे, चुना-सुरखी, गूळ-हिरड्याचं पाणी, आणि लाकडी चोपणीने आवाज ठणठणीत येईपर्यंत चोपायचा.

नगरपालिकेला द्यायच्या मसुद्यात पाण्यातल्या गोळ्याची चाचणी आणि विटांची निवड ही दोन पानं जोडली आहेत. कंकराची भट्टी लावायला माणदेशाकडचा एक शेतकरी तयार आहे. त्याच्या विहिरीच्या खोदकामात निघालेला कंकर बांधावर पडून आहे, नमुना पोत्यात भरून आणला. चुन्याचे दोन्ही हौद उद्या भरायचे, म्हणजे दिवाळीनंतर भिंत हातात घेईपर्यंत चुना मुरलेला असेल.